तिसरा इन्स्पेक्टर

आमच्या घरात थंडी कधी शिरली नाही. दिवाळी सरली की भोरला नीरेवरून जो गारठा येतो, त्यात शेजारपाजारचे लोक सकाळी शेकोटीभोवती बसलेले असायचे. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत म्हणजे मात्र अब्बांच्या बेकरीतल्या भट्टीची पाठ, आणि ती बारा महिने कोमट असायची. उन्हाळ्यात आम्ही त्या भिंतीला शिव्या घालायचो आणि हिवाळ्यात तिला टेकून बसायला भांडायचो. अम्माचं दही त्या भिंतीशी लागायचं, ओले कपडे तिथे वाळायचे, आणि माझं इंग्रजीही तिथेच झालं. आज पुण्याच्या फ्लॅटमध्ये एखादा अवघड शब्द आठवत नसला की मी अजून नकळत भिंतीला टेकते. भिंत गार लागते आणि शब्द काही आठवत नाही.

त्या घराला आवाजही भरपूर होते. कणीक फळीवर आपटल्याचा धप्प धप्प आवाज हे आमचं घड्याळ. मग पाव भाजायचे पत्रे एकमेकांवर आदळायचे, लाकूड तडतडायचं, आणि अब्बा लांब दांड्याच्या फळीने पाव बाहेर ओढताना स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचे. पहिला घाणा निघाला की वास थेट राजवाड्यापर्यंत जातो असं अब्बा सांगत. तो जात असेल किंवा नसेल, त्यांचा त्यावर विश्वास होता. धड टोस्ट गिऱ्हाइकाला आणि तुटका घरात, असा आमचा कायदा. त्यामुळे बेकरीवाल्याच्या घरात जन्मून मी लग्न होईपर्यंत अख्खा टोस्ट फारसा खाल्ला नाही. अम्मा शिळ्या पावाचा चुरा करून कांदा, मिरची आणि भरपूर कढीपत्ता घालून फोडणीला टाकायची. तसा फोडणीचा पाव मला पुढे कुठे मिळाला नाही, आणि स्वतः करते तेव्हा तर अजिबात मिळत नाही.

दिवाळीच्या आधी आमच्या दारात रांग लागायची. घराघरांतून बायका रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घालून आणायच्या आणि अब्बा त्यांना नानकटाई भाजून द्यायचे. प्रत्येकीला वाटायचं, आपलं तूप दुसरीच्या पत्र्यात गेलं. अब्बा शपथेवर सांगायचे की तुपाला तुपाची ओळख असते, ते घर चुकत नाही. ही रांग लक्षात ठेवा, पुढच्या गोष्टीत तिचं काम आहे.

मी तेव्हा दहावीत होते. शिरवळच्या फुफीने, म्हणजे अब्बांच्या बहिणीने, तिच्या मुलासाठी मला मागितलं होतं. मुलगा वाईट नव्हता. त्याचं स्वतःचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तो माझ्याकडे बघून लाजायचा. पण मला कॉलेजात जायचं होतं. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. अब्बांना तर कळतच नव्हतं. ते रागावत नसत, फक्त खरोखरच्या कुतूहलाने विचारत, "नूरी, इंग्रजी शिकून पाव जास्त फुगनार हाय का?" पाव इंग्रजीने फुगत नाही हे मलाही माहीत होतं.

इंग्रजीला आम्हाला निगडे सर होते. मूळ वेल्ह्याच्या बाजूचे, डोंगरातल्या वाडीतले. पावसाळ्यात ओढा भरला की तिकडून शाळेत येणं बंद, अशा गावातून ते शिकून आले होते आणि इंग्रजी शब्दांवर त्यांचं असं प्रेम होतं की उच्चारताना ते डोळे मिटून घेत. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी शाळेच्या कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. विलायतेतल्या राणीच्या काळातली नाताळच्या सणाची गोष्ट. जगभर पोचलेली, पण आमच्या कपाटात तिची एकच प्रत आणि तीही पाठीवरून सुटलेली. सर ती कुणाला घरी देत नसत. दर शनिवारी थोडी वाचायची, कठीण शब्द फळ्यावर लिहायचे, अर्थही इंग्रजीतच सांगायचा, आणि मराठीत एक अक्षर बोलायचं नाही. "मराठीत सांगितलं की तुम्ही शब्द टाकून देता आणि गोष्ट घेऊन पळता," असं ते म्हणत. सोप्या शब्दांना तर फळ्यावर जागाच नव्हती. फळ्यावर मिझर्ली यायचं, सॉलिटरी यायचं, रेझोल्यूट, डेस्टिट्यूट, बेनेव्होलन्स यायचं. शेवटचा शब्द मी घरी म्हणून दाखवला तेव्हा अम्मा म्हणाली, "ह्ये औषध हाय का?"

पहिल्याच शनिवारी अम्मा तापाने पडली आणि मला दुकानात बसावं लागलं. संध्याकाळी मैत्रीण सुनंदा पाव न्यायला आली, तिला मी गल्ल्याशीच धरलं. तिने मला गोष्टीची सुरुवात सांगितली ती अशी: "एक चिकट म्हातारा हाय. त्येचा पार्टनर डिपार्टेड हाय. त्यो पार्टनर बेड्या, साखळ्या घालून ह्येच्याकडं आला आन म्हनला, आता तुझ्याकडं तीन स्पेक्टर येनार." सुनंदाला तेवढंच कळलं होतं आणि तेवढं कळल्याचाही तिला अभिमान होता. डिपार्टेड शब्द मी सोमवारी शाळेच्या डिक्शनरीत बघितला. निघून गेलेला, असा पहिलाच अर्थ होता, तो घेऊन मी डिक्शनरी मिटली. स्पेक्टर बघायची मला गरजच वाटली नाही. आमच्या घरात तो शब्द रोजचा होता. दुकानाला वजनमापाचा इन्स्पेक्टर होता, खाण्याच्या जिनसा तपासणारा इन्स्पेक्टर होता, आणि अब्बा घाईत असले की नुसतं "स्पेक्टर आला, स्पेक्टर आला" असं ओरडत आत यायचे. विलायतेतही तसंच म्हणत असतील.

दुपारी दुसरा घाणा निघाला की भट्टी निवत ठेवायची आणि अब्बा मैद्याच्या पोत्यावर बसून चहा प्यायचे. त्या दिवशी त्यांनी सहज विचारलं, आज काय शिकलीस, आणि मी ही सुरुवात त्यांना सांगितली. अब्बांनी कप खाली ठेवला.

"पार्टनर पळून गेल्ता?"

"व्हय."

"आन मंग धरला. बेड्या घातल्या. म्हंजे अफरातफर केली असनार." त्यांनी मान हलवली. "मंग स्पेक्टर येनारच की. एक भागीदार गावला की दुसऱ्याचं दप्तर तपासत्यात. म्या म्हनूनच कुनासंगं भागीदारी केली न्हाई. पुढं?"

पुढचं पुढच्या शनिवारी, असं मी सांगितलं. अब्बांचा चेहरा मला अजून आठवतो. दुकानात मैदा संपल्यावर पडायचा तसा पडला होता.

मग दर शनिवारी मी शाळेतून येईपर्यंत अब्बांचा चहा तयार असायचा आणि अम्माही हातातलं टाकून यायची. पहिला स्पेक्टर आला आणि त्याने म्हाताऱ्याचं लहानपण, तरुणपण, जुना मालक, सगळं दाखवलं. "जुनं दप्तर काढलं," अब्बा म्हणाले. फळ्यावर सरांनी स्पिरिट असा शब्द लिहिला होता आणि तो त्या स्पेक्टरलाच लावला होता. स्पिरिट मला माहीत होतं, दवाखान्यात सुई टोचायच्या आधी लावतात ते. मी अब्बांना तसं सांगितलं. ते दबक्या आवाजात म्हणाले, "पिऊन आला असंल." अम्माने लगेच त्याची बाजू घेतली. "सन हाय न्हवं त्येंचा. सनाला मानूस घेतो थोडी." त्यानंतर आमच्या घरात तो पहिला इन्स्पेक्टर थोडा प्यायलेला, पण मनाने चांगला म्हणून कायम झाला.

दुसरा स्पेक्टर म्हाताऱ्याला गावातून फिरवून आणतो. सणाचा दिवस आहे, दुकानं भरली आहेत आणि गरीब लोक आपापलं जेवण उचलून पाववाल्यांच्या दुकानांकडे निघाले आहेत. वर्गात हे कुणाला कळेना. जेवण घेऊन पाववाल्याकडे कशाला जायचं? सर म्हणाले, ओव्हन. मी मात्र बाकावर ताठ बसले. घरी येऊन अब्बांना सांगितलं तर ते पोत्यावरून उठलेच.

"घरचं जिन्नस भट्टीवर आनत्यात? तिकडं बी?"

"व्हय अब्बा. चूल न्हाई घरात मोठी, म्हनून पाववाल्याच्या भट्टीवर भाजून नेत्यात."

"अगं ऐकलंस का," त्यांनी आत हाक मारली, अम्मा समोरच उभी असताना. "विलायतेत बी बाया डबं घिऊन येत्यात!"

त्या दिवसापासून ती गोष्ट अब्बांची झाली. ज्या गोष्टीत पाववाला आहे ती गोष्ट खोटी असणार नाही अशी त्यांची खात्री पटली. म्हाताऱ्याच्या हाताखालचा कारकून, त्याचं भरलेलं घर, त्याचं लंगडं आजारी पोरगं, हे सगळे भोरच्याच कुठल्यातरी आळीत राहत असल्यासारखे अब्बा त्यांची चौकशी करू लागले. आठवड्यात मधेच, पाव मोजता मोजता विचारायचे, "त्या पोराचं काय झालं गं?" मी सांगायची, शनिवारशिवाय कळणार नाही. "सरांना म्हनावं, त्येवढं आधी सांगा." शब्दही घरात शिरले. एकटं एकटं राहणारं आमचं मांजर सॉलिटरी झालं. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाची पाठ वळली की अम्मा हळूच मिझर्ली म्हणायची. ग्रूएल म्हणजे पातळ पेज हे कळल्यावर ती म्हणाली, "मंग तापात म्या ग्रूएलच खाल्ली की, आन कुनी मला इंग्रजी येतंय म्हनलं न्हाई."

तिसरा स्पेक्टर मात्र वेगळा होता. तो काळा झगा घालून येतो आणि एक शब्द बोलत नाही. म्हातारा विनवण्या करतो, विचारतो, आणि हा नुसतं बोट दाखवतो. हे ऐकताना अब्बांनी चहा प्यायला नाही. मला कारण ठाऊक होतं. माझ्या लहानपणी दुकानात एक इन्स्पेक्टर आला होता. वजनं उचलून बघितली, तराजू बघितला, भट्टीत वाकून बघितलं, आणि काहीही न बोलता निघून गेला. काही झालं नाही, कागद आला नाही, दंड आला नाही. पण अब्बांना कितीतरी दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. दारात सावली पडली की ते दचकायचे.

"ह्यो तिसरा लई वाईट," अब्बा म्हणाले. "शिव्या देनारा स्पेक्टर परवडला. जो बोलत न्हाई, त्यो वाईट."

गोष्टीचा शेवट तेवढा राहिला होता, आणि तेवढ्यात शाळेला कळलं की आमच्या वर्गाची तपासणी होणार आहे. शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. सरांनी मला थांबवून सांगितलं, त्यांच्यासमोर नाताळची गोष्ट तू सांगायची, कठीण शब्दांसकट. मी उड्या मारत घरी आले. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि हाताला लागलेलं पीठ चोळत बसले.

"फुफीचा निरोप आलाय," ते म्हणाले. "आता हो का न्हाई ते सांगायला पायजे. मला इंग्रजीतलं कळत न्हाई नूरी. पर स्पेक्टरला कळतं. त्यो म्हनला, पोरगी पुढं जाईल, तर म्या तुला कॉलेजात घालतो. न्हाई म्हनला तर फुफीला हो."

हे त्यांनी अगदी सरळ मनाने सांगितलं होतं. जन्मभर ज्या माणसांची धास्ती घेतली त्यांच्यावरच त्यांचा सगळ्यात जास्त भरवसा होता. मी भिंतीला पाठ लावून शब्द घोकले. त्या दिवसांत झोपेतही मी बेनेव्होलन्स म्हणत होते, असं अम्मा सांगायची.

साहेब आले ते सावळे, उंच, जाड चष्म्याचे. खुर्चीत बसले, वह्या चाळल्या, काही बोलले नाहीत. सरांनी एका मुलाला कविता म्हणायला लावली, ती साहेबांनी ऐकली, काही बोलले नाहीत. सरांनी मला उभं केलं आणि साहेबांनी मधेच हात वर करून पहिल्यांदा तोंड उघडलं, "आधी मराठीत सांग. कळलंय का बघू."

मराठीत. माझा जीव भांड्यात पडला. इंग्रजी चुकलं असतं, मराठी कसं चुकेल? मी खणखणीत आवाजात सांगितलं की एक चिकट म्हातारा व्यापारी होता, त्याचा भागीदार अफरातफर करून पळून गेला होता, तो बेड्यांसकट सापडला, आणि मग सणाच्या आदल्या रात्री म्हाताऱ्याच्या घरी तपासणीला तीन इन्स्पेक्टर आले. पहिला थोडा प्यायलेला होता.

आधी कुणीतरी मागच्या बाकावर फिस्सकन हसलं आणि मग सगळा वर्ग हसला. सुनंदा हसत नव्हती, ती माझ्याइतकीच गोंधळली होती. निगडे सरांचा चेहरा पांढरा पडला. "नूरी," ते हळू म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून वर्गात मी ऐकलेलं ते पहिलं मराठी, "स्पेक्टर म्हणजे भूत, बाळ. भुतं आली होती."

भुतं. मला ती सगळी गोष्ट कानात उलटीपालटी होताना ऐकू आली. डिपार्टेड म्हणजे मेलेला. पार्टनर मेला होता. बेड्या पोलिसांनी घातलेल्या नव्हत्या. कुणी प्यायलेलं नव्हतं.

साहेब हसले नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आणि तुझ्या गोष्टीत तिसरा इन्स्पेक्टर कसा होता?"

आता काय राहिलं होतं? मी अब्बांचंच सांगितलं. "तो सगळ्यात वाईट होता. जो इन्स्पेक्टर बोलत नाही, तो वाईट." साहेबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, "हं" म्हणाले, आणि बस अशी हाताने खूण केली.

घरी जाताना मी राजवाड्यावरून न जाता मागच्या रस्त्याने गेले. अम्मा भाकरी थापत होती. मी भिंतीला टेकून रडू लागले तशी ती पिठाच्या हातांनीच माझ्याजवळ आली. मी सगळं सांगितलं. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली. "अगं बाई, भुतं?" ती म्हणाली, आणि मग तिला आठवलं, "म्हंजे त्यो पहिला पिलेला नव्हताच? बिचाऱ्याला उगं नाव ठेवलं." मी रडता रडता हसले, आणि हसल्यामुळे आणखी रडले. आता शिरवळलाच जायचं, फुफीच्या घराला मागे अंगण आहे, तिथे जाई आहे, असं मी मनाशी म्हणून बघितलं. त्याने काही बरं वाटलं नाही.

दिवेलागणीला निगडे सर स्वतः दुकानात आले. हातात ते सुटलेलं पुस्तक होतं. अब्बा पत्रे पुसत होते. त्यांना मी अजून सांगितलं नव्हतं, पण अम्माने सांगितलं असावं, कारण त्यांनी काहीच विचारलं नाही. सरांना बसायला पोतं झटकून दिलं.

"चूक माझी आहे," सर म्हणाले. "पोरांना मी मराठीत काही सांगितलंच नाही. तिने जे ऐकलं त्यातून तिने तिची गोष्ट लावली. आणि काय लावली! एक कडी सुटलेली नाही."

"भुतं व्हती?" अब्बा म्हणाले.

"भुतं होती."

"आन भुतांमुळं म्हातारा सुधारला?"

"हो. शेवटी सुधारतो."

"ह्ये मला पटत न्हाई," अब्बा म्हणाले. "भुतानं मानूस घाबरंल. सुधारायला तपासनीच पायजे." मग ते सरांच्या जवळ सरकले. "सर, त्या कारकुनाच्या पोराचं काय झालं?"

सरांनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं आणि त्या संध्याकाळी, मैद्याच्या पोत्यावर बसून, अब्बांना ते मराठीत वाचून दाखवलं. पोरगं वाचलं. म्हाताऱ्याने त्याला आपलं मानलं. अब्बांनी अस्तनीने डोळे पुसले आणि मैदा गेला म्हणाले. गिऱ्हाईक आलं होतं, त्याला थांबायची खूण केली.

"साहेब काय म्हनले?" शेवटी त्यांनी विचारलं. मी दाराआड उभी होते. माझ्या छातीत कणीक आपटल्यासारखं होत होतं.

सर अवघडले. "काही बोलले नाहीत. हं म्हणाले आणि वेल्ह्याची एसटी पकडायला गेले."

"काईच बोललं न्हाईत?"

"नाही."

अब्बांनी फडका खांद्यावर टाकला. आयुष्यभर इन्स्पेक्टरच्या सावलीने दचकलेला तो माणूस त्या दिवशी हसला. "मंग त्यो तिसरा," ते म्हणाले. "त्येचं काय मनावर घ्यायचं?" आणि लगेच, "सर, असं किती शबूद हिच्या डोक्यात उलटं बसलं असतील?"

"असतील पुष्कळ. माझ्याही डोक्यात आहेत."

"मंग असं कसं पाठवायचं तिला शिरवळला? निम्मं कच्चं?" त्यांनी भट्टीकडे हात केला. "कच्चा पाव म्या कुनाला देत न्हाई. भनीला बी न्हाई. कॉलेजला नाव घाला."

मी दाराआडून बाहेर आले नाही. तिथेच भिंतीला गाल लावून उभी राहिले. ती भिंत तेव्हा किती गरम होती, ते मला आजही गालावर कळतं. फुफी बरेच दिवस रुसली. तिच्या मुलाने पुढे कामथडीची मुलगी केली आणि सुखात राहिला. भेटला की अजूनही लाजतो.

माझी नात परवा मोबाईल घेऊन शेजारी बसली होती. तिला मी स्पेक्टर हा शब्द विचारला, तर तिने बोट लावायच्या आत मोबाईलने अर्थ सांगून टाकला, वर चित्रही दाखवलं. तिला खूप काही येतं, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. तरी मला तिची थोडी कीव आली. चुकीच्या अर्थाबरोबर शनिवारमागून शनिवार, सगळ्या घराने मिळून, चहा पीत राहायची मजा तिला कुठे मिळणार?

कॉलेज झालं, डी.एड. झालं, शिक्षिका झाले, आणि पुष्कळ वर्षांनी परीक्षा देऊन शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी झाले. शाळांची तपासणी हेच काम. पहिली नेमणूक वेल्ह्याला. वेल्ह्याचं नाव आता कागदावर बदललं आहे, पण तेव्हा भोरहून एसटीत चढताना मी जे नाव ऐकलं तेच माझ्या तोंडात आहे. अब्बा तेव्हा थकले होते, भट्टीपुढे उभं राहवत नव्हतं, दुकानात नुसते खुर्ची टाकून बसायचे. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पावाआधी बातमी मिळायची, "आमची नूरी स्पेक्टर झाली!"

"अब्बा," मी म्हणाले, "स्पेक्टर म्हणजे भूत. विसरलात का?"

"म्या कसा इसरंन?" ते म्हणाले. त्यांनी माझ्या हातात नानकटाईचा डबा दिला, अख्ख्या नानकटाईचा, एकही तुटकी नाही. "भूत हो न्हाईतर इन्स्पेक्टर हो. पर तिसऱ्यावानी होऊ नगंस. पोरांशी बोलत जा."

पहिली शाळा डोंगराच्या अंगाला होती. एसटी जिथे सोडते तिथून बरंच चढून जायचं. मी दारात उभी राहिले तशी आतली पाढ्यांची गडबड एकदम बंद पडली. गुरुजींनी घाईघाईने खुर्ची पुसली. पोरं उठून उभी राहिली आणि माझ्याकडे अशी बघू लागली की मला माझ्या मागे कुणी काळा झगा घालून उभं आहे की काय असं वाटलं. निगडे सर आठवले, ते साहेब आठवले, भट्टीत वाकून बघणारा तो माणूस आठवला. कुणीच काही बोलत नव्हतं आणि मीही बोलत नव्हते. मग पुढच्या रांगेतली एक बारकी पोरगी, जिचं नाक वाहत होतं, धीर करून म्हणाली, "बाई, तुमी इन्स्पेक्टर हाय का?"

मी खुर्चीवर बसले नाही. तिच्या शेजारी खाली सतरंजीवर बसले आणि डबा उघडला.

"व्हय," मी म्हणाले. "पर बोलनारी."